वाळलेली पानं काढू नका: बाशिंग नावाच्या नेच्याची गोष्ट

मागे जो तडतड आवाज येतोय ना, तो माइकचा घोटाळा नाही. पत्र्यावर पाऊस पडतोय. आजचा एपिसोड मी खोलीत बसून नाही, आमच्या शेतातल्या मोटरच्या शेडमधून रेकॉर्ड करतोय. कोल्हापूरहून गगनबावड्याच्या रस्त्याला लागायचं, कळे मागं टाकायचं, थोडं पुढं जाऊन आत वळायचं, की आमचं गाव. श्रावण चालू आहे, भातात पाणी तुंबलंय, नेटवर्कची एकच कांडी दिसतेय. आणि माझ्यासमोर, वीसेक पावलांवर, बांधावर एक जुना आंबा उभा आहे. आज आंब्याबद्दल बोलायचं नाहीये. त्या आंब्यावर जे बसलंय, त्याच्याबद्दल बोलायचंय.

एक आधीच सांगतो. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही. बीटेक, कॉम्प्युटर. माझं झाडांचं ज्ञान दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात थांबलं होतं. या विषयात शिरलो तो एका चुकीमुळं, आणि चूक माझीच होती.

2020 चं लॉकडाऊन आठवतंय? पुण्यातली खोली रिकामी करून मी गावाकडं आलो. वर्क फ्रॉम होम. सकाळी नऊला स्टँड-अप मीटिंग, संध्याकाळी मोकळा. गावात करायला काही नाही, आणि आम्हा लोकांना रिकामं बसवत नाही. काहीतरी सुधारायला लागतं! आधी गोठ्याची वायरिंग केली, मग विहिरीच्या मोटरला टायमर बसवला. दिवाळी झाली, आणि नोव्हेंबरातल्या एका रविवारी माझी नजर गेली या आंब्यावर.

आंब्याला जमिनीपासून आठ फुटांवर पहिलं बेचकं आहे. तिथून खोडाच्या कडेनं वरपर्यंत काहीतरी उगवलेलं. काही हिरवी, लांब, कातरलेली पानं. आणि त्यांच्या बुडाला तपकिरी, कडक, वाळलेल्या पानांचा थर. कागदी पिशवीसारखी कुरकुर वाजणारी. मला वाटलं, किती घाण साचलीय झाडावर. शिडी लावली, हातमोजे घातले आणि हात पोचेल तिथपर्यंतची सगळी वाळकी पानं ओढून काढली. हिरव्या पानांना धक्का लावला नाही बरं का. उलट मला वाटत होतं की मी त्या हिरव्या पानांना मदतच करतोय.

त्या वाळक्या पानांच्या मागं काय निघालं सांगू? मूठ मूठ काळी माती. भुसभुशीत, ओली, जंगलातल्या मातीचा वास असलेली. आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता, खालचा बांध भेगाळायला लागलेला, आणि वर झाडावर ओली माती! लाल मुंग्या तर इतक्या की मनगटापर्यंत चावल्या. आणि एक बारीकसं गांडूळ. जमिनीपासून आठ फूट वर, आंब्याच्या बेचक्यात, गांडूळ. खरं तर तिथंच मी थांबायला पाहिजे होतं. पण नाही. दोन पोती भरली आणि आधीचा-नंतरचा असा फोटो पण टाकला स्टेटसला.

तेवढ्यात आजी चहा घेऊन आली.

"आरं, काय करालाईस?"

म्हटलं, "साफ करतोय आजी. वाळलेली पानं काढतोय."

तिनं पोत्यात वाकून बघितलं. मग वर बघितलं. म्हणाली, "वाळल्याली न्हवं ती. घर हुतं त्येचं. उतावळा नवरा आन गुडघ्याला बाशिंग, तशी गत तुझी."

मी हसलो. कारण त्या दिवसांत घरात माझ्या लग्नाचा विषय रोज निघायचा, आणि मला वाटलं ही म्हण पण त्याच खात्यात आली. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला सहा महिने लागले. आजी लग्नाबद्दल बोलत नव्हती. त्या झाडाचं नावच बाशिंग आहे.

तुमच्यापैकी कुणी गावाकडचं लग्न बघितलं असेल तर बाशिंग माहीत असेल. नवरदेवाच्या कपाळावर बांधतात ते, बेगडाचं, मण्यांचं, वर निमुळतं होत गेलेलं. या नेच्याची बुडाची पानं खोडाला अशीच बिलगून उभी असतात, रुंद, कडेला कातरलेली, एकावर एक. झाडानं कपाळाला बाशिंग बांधलंय असंच वाटतं लांबून. काही ठिकाणी वांदरबाशिंग पण म्हणतात, म्हणजे वानराच्या लग्नातलं बाशिंग. ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याला माझा नमस्कार आहे. आयुर्वेदवाले अश्वकात्री म्हणतात. शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया. क्वेर्सिफोलिया म्हणजे ओकच्या पानासारखी पानं असलेलं. लिनियसनं 1753 मध्ये हे नाव दिलं, तेव्हा त्याला ती बुडाची पानं त्याच्या युरोपातल्या ओकसारखी दिसली. आपल्याकडं ओकबिक काही नाही, म्हणून आपल्या लोकांना त्यात लग्न दिसलं.

आता जरा मुद्द्यावर येतो. नेचे, म्हणजे फर्न. फर्न म्हटलं की आपल्याला नर्सरीतलं बोस्टन फर्न आठवतं. लटकवलेली कुंडी, हिरवीगार झालर, आणि दोन दिवस पाणी घालायला विसरलं की सगळी पानं कुरकुरीत. बरोबर? नेच्यांची प्रतिमाच अशी आहे की नाजूक, ओलाव्यात, सावलीत राहणारी झाडं. मग यातला एक नेचा आंब्याच्या खोडावर, मातीशिवाय, कोल्हापूरच्या एप्रिल-मेमध्ये जगतो कसा?

अडचण समजून घ्या. आमच्याकडं पाऊस कमी नाही. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण 1000 मिलिमीटर पडतो आणि तिथून पश्चिमेला 55 किलोमीटरवर गगनबावड्यात 5000 च्या वर. पण हे सगळं जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. नंतर वळीव आला तर आला, नाहीतर मेपर्यंत कोरडं. जमिनीतल्या झाडाला मुळं खोल सोडता येतात. खोडावरच्याला ती सोय नाही. खोडावर पडलेलं पाणी पाऊस थांबल्यावर थोड्या वेळात खाली निघून जातं. म्हणजे धो धो पावसाच्या गावात राहून पाण्याची साठवण शून्य. मराठवाड्यातल्या कोरड्या माळावरचं झाड पण याच्यापेक्षा सुखी म्हणायचं, त्याला निदान पायाखाली माती आहे.

बाशिंगानं यावर जो उपाय काढलाय तो मला इंजिनिअर म्हणून फार आवडतो. त्याला दोन प्रकारची पानं येतात. एकाच झाडाला, एकाच खोडातून, दोन वेगळी कामं करणारी.

पहिली, हिरवी. लांब देठाची, पिसासारखी कातरलेली, हातभर, कधी त्याहून मोठी. ही अन्न तयार करतात आणि यांच्याच खालच्या बाजूला बीजाणू लागतात. ही झाली नोकरीवाली पानं.

दुसरी, बुडाची. यांना देठ नाही. खोडाला चिकटून, वाटीसारखी किंवा घरट्यासारखी उभी राहतात. येताना हिरवीच येतात, पण लवकरच तपकिरी होतात आणि मरतात. मरतात, पण गळत नाहीत. हे महत्त्वाचं आहे. पान मेलं की गळून पडायचं, हा झाडांचा साधा नियम. हे पान मेल्यावर तिथंच राहतं, कडक होऊन. त्याच्या शिरा इतक्या जाड असतात की नंतर मधला भाग कुजून गेला तरी शिरांची जाळी तशीच उभी राहते. 

आणि ते तिथं उभं राहून काय करतं? झेलतं. आंब्याचा मोहोर गळतो, पानं गळतात, सालीचे तुकडे पडतात, पाखरं शिटतात, वाऱ्यानं धूळ येते, मुंग्या काय काय ओढून आणतात. सगळं या वाट्यांमध्ये साठतं, कुजतं आणि माती होते. मी जी मूठ मूठ काळी माती काढली, ती कुणी आणून टाकलेली नव्हती. त्या नेच्यानं कित्येक वर्षं थोडी थोडी जमवलेली होती. त्याची मुळं त्याच मातीत पसरलेली असतात. पाऊस पडला की ती माती स्पंजसारखी पाणी धरते, आणि बाहेरून कडक वाळक्या पानांचं आवरण असल्यामुळं ऊन-वारा थेट लागत नाही. म्हणजे कुंडी, खत आणि पाण्याची टाकी, तिन्ही एकात.

आता बघा, मी काय केलं. हिरवी पानं ठेवली आणि कुंडी फेकून दिली.

तुम्हाला एक ऑफिसमधला किस्सा सांगतो, विषयाला सोडून नाही. पहिल्या नोकरीत मी एक फंक्शन डिलीट केलं होतं. लॉग बघितले, अकरा महिन्यांत एकदाही वापरलेलं नाही. डेड कोड! कौतुकानं काढून टाकलं. ते मार्च एंडला, वर्षातून एकदा चालायचं. पुढचं सांगत नाही, ज्यांना कळलं त्यांना कळलं. तर अशी सवय जुनीच आहे माझी.

पुढची गोष्ट 2021 च्या उन्हाळ्यातली. बाशिंगाचा आणखी एक भाग असतो, त्याचं खोड. हे उभं नसतं, आडवं सरपटतं. अंगठ्याहून जाड, मांसल, वरून तपकिरी मऊ खवल्यांनी झाकलेलं, एखाद्या प्राण्याच्या पंजासारखं. उन्हाळा वाढला की बाशिंग हिरव्या पानांचा खर्च बंद करतं. आणि तेही कसं, तर पान आख्खं टाकत नाही. एकेक पाकळी सांध्यावरून सुटून गळते आणि मधली दांडी तशीच उभी राहते. मेमध्ये बाशिंग बघितलंत तर खराट्याच्या काड्या आणि तपकिरी कागद, एवढंच दिसेल. कुणीही म्हणेल, मेलं. पण आत, त्या वाट्यांच्या आड, मातीत दबून ते जाड खोड जिवंत असतं. पाणी आणि अन्न धरून पडून असतं. जूनचा पाऊस आला की त्यातून नवी पानं.

माझ्या आंब्यावर मेमध्ये सगळं सारखंच दिसत होतं. वर, जिथं माझा हात पोचला नव्हता, तिथं काड्या. खाली, मी साफ केलेल्या जागी, पण काड्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला. आठ-दहा दिवसांत वरच्या बाशिंगातून गुंडाळलेली कोवळी पानं बाहेर आली, मग उलगडली. नेच्याचं पान गोगलगाईसारखं गुंडाळून येतं, बघितलं नसेल तर या पावसाळ्यात नक्की बघा. आणि खाली? काही नाही. जुलै आला. काही नाही. मी शिडी लावून बघितलं, तर ते जाड खोड सुकलेल्या हळकुंडासारखं झालेलं. बोटानं दाबलं तर मोडलं.

आमच्या धंद्यात याला ए-बी टेस्टिंग म्हणतात. एकाच झाडावर, एकाच उन्हाळ्यात, वाट्या असलेलं आणि वाट्या काढलेलं. फक्त मी ही टेस्ट करायची असं ठरवून केली नव्हती. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे. एकच झाड आहे. पानं ओढताना मी मुळंही तोडली असणार, खोडाला इजा केली असणार. पण आजीला यातलं काही वाचायला लागलं नव्हतं. तिनं पोत्यात बघून एका वाक्यात सांगितलं होतं.

त्यानंतर मी नेच्यांच्या मागं लागलो. घरात सगळे म्हणायला लागले, पोरगं कामातनं गेलं. पण काय सांगू, एकदा बघायची सवय लागली की सगळीकडं दिसायला लागतात, आणि प्रत्येकाची उन्हाळा काढायची तऱ्हा निराळी.

हंसराज बघा. पावसाळ्यात ओलसर मातीच्या कडेला, दरडीला उगवतो, काळ्या तारेसारखा देठ आणि पंख्यासारखी नाजूक पानं. त्याचा उपाय सोपा: पाऊस संपला की वरचं सगळं वाळवायचं आणि जमिनीत गड्डा राखून झोपायचं. वर नामोनिशाण नाही.

मयूरशिखा त्याच्या उलट. बोटभर उंचीचं, छोट्या ताडाच्या झाडासारखं दिसणारं नेचं, जुन्या दगडी भिंतींच्या फटीत असतं. ते पाणी साठवत नाही आणि पानं टाकतही नाही. सरळ वाळून जातं. पानं मिटून, आवळून, काडीसारखी होतात, हातात घेतलं तर चुरा होईल असं वाटतं. पाऊस आला की तीच पानं पुन्हा उघडतात, हिरवी होतात. नवी नाहीत हं, तीच! झाडाच्या पेशींतलं जवळजवळ सगळं पाणी जाऊन पुन्हा जिवंत होणं ही फार थोड्या वनस्पतींना जमणारी गोष्ट आहे.

म्हणजे एकानं झोप घेतली, एकानं वाळून जायची तयारी ठेवली, आणि बाशिंगानं घर बांधलं. तिघांत मला बाशिंग जवळचं वाटतं. पक्षपात आहे, मान्य.

मला अजून एका गोष्टीनं चक्रावलं. पुस्तकांत बघितलं तर काही जण बाशिंगाला सदाहरित म्हणतात, आणि आमच्या बांधावर तर ते मेमध्ये नुसतं काड्या होऊन बसतं. कोण खोटं? कुणीच नाही. हे नेचं भारतापासून श्रीलंका, मलेशिया, इंडोनेशिया करत पार उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. जिथं वर्षभर ओल असते तिथं हिरवी पानं वर्षभर टिकतात. जिथं कोरडा उन्हाळा आहे तिथं तेच झाड पानं टाकतं. एप्रिलमध्ये मी दाजीपूरला गेलो होतो. 1958 पासूनचं अभयारण्य, आता राधानगरी अभयारण्यात, 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत. लोक गवे बघायला जातात, मी मान वर करून खोडं बघत होतो. गाइडला वाटलं मला बिबट्या दिसला. तर तिथं अंजनी, जांभूळ यांच्या दाट सावलीत, ओढ्याच्या कडेला, बाशिंगावर एप्रिलमध्ये हिरवी पानं होती. तिथून घरी आलो, आमच्या आंब्यावर काड्या. सदाहरित हा त्या झाडाचा स्वभाव नाही, त्याच्या पत्त्यावर अवलंबून आहे. पण तपकिरी वाट्या मात्र दोन्हीकडं, बाराही महिने. सदाहरितपेक्षा त्याला सदातपकिरी म्हणायला हवं.

आता जरा भांडणाचा विषय. बांडगूळ.

आमच्या काकांनी मला आधी सांगितलं होतं, "बरं केलंस काढलंस ते, बांडगूळ हाय, झाडाचा रस पितंय." गावात कित्येक लोक हेच समजतात आणि कोयत्यानं खरवडून काढतात. मंडळी, बाशिंग बांडगूळ नाही. बांडगूळ आंब्याच्या फांदीत आपली चोषकमुळं घुसवतं आणि पाणी, क्षार आयते घेतं. त्याला नळीसारखी फुलं येतात, फळं येतात, आणि त्याची चिकट बी छोटे पक्षी एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेतात. बाशिंगाला फुलं नाहीत, फळं नाहीत, बी नाही. ते सालीला फक्त धरून बसतं. खोड उचकटलं तर खालची साल शाबूत दिसते. बांडगूळ म्हणजे भाडं न देता आपल्या फ्रिजमधलं खाणारा रूममेट. बाशिंग म्हणजे गॅलरीत स्वतःचा स्टोव्ह मांडून बसलेला. तो फक्त जागा वापरतो.

एक कबूल करायला पाहिजे. बाशिंगाचा मोठा झुबका पावसात भिजला की जड होतो, आणि फांदी आधीच किडलेली असेल तर वजनानं मोडू शकते. तेवढ्यापुरतं काकांचं बरोबर. पण दोष किडीचा आहे. मी हे काकांना समजावलं, दोन संध्याकाळ लागल्या. शेवटी त्यांना पटलं ते गांडुळामुळं. म्हणाले, "माती असल तर गांडूळ असणार. मग त्ये झाडाचं कशाला खाईल?" पॉइंट संपला. माझ्या सगळ्या चोषकमुळांपेक्षा भारी युक्तिवाद.

बी नाही म्हटलं ना मी, तर मग नवं बाशिंग येतं कुठून? आणि इथं कळतं की जुनं बाशिंग जाणं किती महाग आहे.

हिरव्या पानाच्या खाली तपकिरी ठिपके असतात. लहानपणी आपण त्याला कीड समजायचो. त्या प्रत्येक ठिपक्यात बारीक बारीक पिशव्या, आणि पिशव्यांत धुळीसारखे बीजाणू. पिशवीला एका कडेनं जाड पेशींचं कडं असतं. ते सुकताना मागं वाकत जातं, ताण वाढत जातो, आणि एका क्षणी सटकन परत येतं. गलोल! बीजाणू उडतात. 2012 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात यावर एक निबंध आला होता, वेगवान कॅमेऱ्यानं बघून त्यांनी ही गलोल नेमकी कशी चालते ते मांडलं. पापणी लवायच्या कितीतरी आधी सगळं संपलेलं असतं.

पण बीजाणू उडाला म्हणजे झाड आलं असं नाही. तो पडायला पाहिजे ओल्या, खडबडीत सालीवर, शक्यतो शेवाळावर. तिथं त्यातून आधी नेचं येतच नाही. येतं एक हिरवं, पातळ, नखाएवढं किंवा त्याहून लहान पान, त्याला मूळ-खोड काही नाही. त्याच्यावर नर आणि मादी पेशी तयार होतात आणि नर पेशीला मादी पेशीपर्यंत पोहून जावं लागतं. खरोखर पोहून, पाण्याच्या पातळ थरातून. म्हणजे ज्या झाडानं सात महिने बिनपाण्याचं जगायचं एवढं मोठं तंत्र जमवलं, त्याच्या आयुष्याची सुरुवात मात्र पाण्याच्या त्या पातळ थराशिवाय होत नाही. आणि नंतर त्यातून जे इवलंसं बाशिंग येईल, त्याच्याकडं वाट्या नाहीत, माती नाही. त्यानं पहिला उन्हाळा काढायचा कसा? बहुतेकांना जमत नसणार. मोठं बाशिंग म्हणजे त्यातून वाचलेलं, वर्षानुवर्षं माती जमवलेलं.

म्हणून मला रस्त्यांची धास्ती वाटते. आपल्याकडं रस्ता रुंद होतो तेव्हा कडेचे जुने वड, आंबे, जांभळं जातात. त्याच्याबद्दल लोक बोलतात, आंदोलनं करतात, कायदाही आहे. शहरी भागातल्या झाडांचा 1975 चा कायदा, त्यात 2021 मध्ये बदल झाला. 50 वर्षांपेक्षा जुनं झाड हे हेरिटेज झाड, आणि तोडलं तर झाडाच्या वयाइतकी रोपं लावायची. कल्पना चांगली आहे. पण 80 वर्षांच्या वडाच्या जागी 80 रोपं लावली, ती सगळी जगली असं समजू, तरी त्यातल्या एकाही रोपावर बाशिंग बसू शकत नाही. त्याला खडबडीत, भेगा पडलेली, शेवाळ धरणारी साल लागते, बेचकी लागतात. ती यायला दशकं जातात. निलगिरीसारखं साल सोलून टाकणारं झाड लावलं तर विषयच संपला. तोडलेल्या झाडांची मोजणी होते, त्यांच्यावर कोण कोण राहत होतं याचा रकाना त्या फॉर्ममध्ये मी तरी बघितलेला नाही.

दुसरा त्रास औषधाचा. अश्वकात्री म्हणून या खोडाला मागणी असते. त्याचा कशावर उपयोग होतो ते मी सांगणार नाही, मी वैद्य नाही, आणि तुम्ही पण यूट्यूब बघून काढा करू नका. मला फक्त इतकंच माहीत आहे की खोड ओरबाडलं की मागं काही उरत नाही.

बरं, आमच्या आंब्याचं पुढं काय झालं?

2021 गेलं, 2022 गेलं. खालचं बेचकं मोकळंच. आता बघायला खरंच स्वच्छ दिसतं, आणि मला ते बघवत नाही. मी एक प्रयोग केला, वरून एक तुकडा आणून सुतळीनं बांधायचा. शिडी लावली आणि पुन्हा उतरलो. म्हटलं, परत सुधारायला निघालास का? आजी 2022 च्या डिसेंबरमध्ये गेली. तिच्या दिवसांनंतर काकांनी एक काम केलं, मला न सांगता. त्या पोत्यांमधली माती मी कोपऱ्यात ओतली होती, त्यातली उरलेली त्यांनी टोपलीत भरून बेचक्यात नेऊन टाकली. विचारलं तर म्हणाले, "आई म्हणत हुती, घर काढलंस तर परत दी." पहिल्याच मोठ्या पावसात निम्मी वाहून गेली. धरून ठेवायला वाट्या नव्हत्या ना.

पण बेचक्याच्या मागच्या अंगाला, जिथं मी शिडीवरून कधी वाकून बघितलं नव्हतं, तिथं जुन्या खोडाचा एक बोटभर तुकडा सालीच्या भेगेत अडकून राहिलेला होता. गेल्या वर्षी त्याला एक छोटंसं हिरवं पान आलं, उन्हाळ्यात ते गेलं. मी सोडून दिलं होतं. आज सकाळी रेकॉर्डिंगच्या आधी शिडी लावून बघून आलोय. एक पान आहे, तळहाताएवढं. लांब देठाचं नाही. देठच नाही त्याला. खोडाला चिकटून उभं आहे, वाटीसारखं, आणि अजून हिरवं आहे. आत आंब्याची दोन पानं आणि थोडं पाणी साठलंय. एक मुंगी पण होती.

दिवाळीपर्यंत ते तपकिरी होईल. काकांना सांगून ठेवलंय, शिडी शेडमध्ये आत ठेवली आहे.

पाऊस वाढलाय, आवाज तुम्हाला ऐकू येत असेलच, त्यामुळं आता थांबतो. तुमच्या घराजवळ, कॉलेजच्या आवारात, रस्त्याच्या कडेला कुठल्या झाडावर बाशिंग असेल तर फोटो काढा आणि झाड कुठलं आहे तेवढं कळवा. आंबा, वड, फणस, नारळ, काहीही. फोटो मेमधला असेल तरी चालेल, काड्यांचा. पुढच्या वेळी मयूरशिखेवर बोलू, तोपर्यंत मी पन्हाळ्याला एक चक्कर मारून येतो. भेटू!